उन्हवऱ्याच्या कुंडावर : देहाची लाज आणि देहाचे आरोग्य

वाचकहो, कोकणात गरम पाण्याच्या झऱ्याला ‘उन्हाळे’ म्हणतात. ‘ऊन ऊन पाणी’ असे आपण सहज म्हणतो, त्यातला ‘ऊन’ हा शब्द तिथे गावांच्या नावांतच जाऊन बसला आहे. रायगड जिल्ह्यात पालीजवळचे उन्हेरे, दापोली तालुक्यातील उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे ही सारी त्याच शब्दाची लेकरे. तुमच्यापैकी अनेकांनी अष्टविनायकाच्या यात्रेत पालीच्या बल्लाळेश्वराचे दर्शन घेऊन उन्हेऱ्याच्या कुंडात पाय बुडवले असतील. मुंबई-ठाण्याकडील मंडळी तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली किंवा गणेशपुरीला जाऊन आली असतील.

अशा ठिकाणाहून परतलेले रुग्ण मला दोन प्रश्न हमखास विचारतात. या पाण्याने सांधे सुटतात का, आणि त्वचेचे विकार बरे होतात का? त्यांची उत्तरे मी पुढे देणारच आहे. परंतु आज लिहायला बसले आहे ते एका निराळ्याच दुखण्याविषयी. त्याची नोंद कोणत्याही केसपेपरवर होत नाही, तरी त्याच्यामुळे इतर अनेक दुखणी बळावतात. ते दुखणे म्हणजे स्त्रीला उतारवयात स्वतःच्या देहाची वाटणारी लाज.

झऱ्यांची रांग

आपल्या पश्चिम किनाऱ्याला समांतर, पालघर जिल्ह्यापासून थेट राजापूरपर्यंत, सुमारे १८ ठिकाणी असे उष्ण झरे आहेत. कुठे पाणी जेमतेम कोमट, सुमारे ३४ अंश सेल्सिअस, तर कुठे ७० अंशांच्या घरात. उन्हवरे हे त्यांतल्या सर्वांत गरम झऱ्यांपैकी एक. येथे जवळपास जागृत ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून खोल खोल झिरपते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या एखाद्या भेगेने पुन्हा वर येते. वाटेत खडकांतले क्षार त्यात विरघळतात, आणि तोच गंधकासारखा वास आपल्याला दुरूनच जाणवतो.

दापोलीहून उन्हवऱ्याला जाताना रस्ता वळणावळणाने डोंगरातून उतरतो. माघात आंब्याला मोहोर असतो, भातखाचरे मोकळी झालेली असतात आणि कातळावरचे गवत पिवळे पडलेले असते. गाव लहान आहे. कुंडाजवळ पोहोचताच वाफ आणि वास एकदमच सामोरे येतात. स्त्रिया आणि पुरुष यांच्यासाठी स्नानाची स्वतंत्र सोय आहे. आपल्याला जायचे आहे ते स्त्रियांच्या बाजूच्या भिंतीआड.

भिंतीच्या आत

आमच्या गावच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सहल तिथे गेली, तेव्हा सोबतीची डॉक्टर म्हणून मीही होते. वाटेत गाडीत गाणी झाली, भेंड्या झाल्या. पण कुंडापाशी आल्यावर बायकांचे आवाज उतरले. एकीने कपडे आणले नव्हते, एकीला सर्दी होण्याची भीती होती, तिसरी म्हणाली, “तुम्ही करा, मी सामान सांभाळते.” तीस वर्षे दवाखान्यात बसल्यावर अशी कारणे ऐकताच त्यांच्या मागचे कारण कळते. परकर छातीशी बांधून चारचौघींत उतरायचे म्हणजे दंडाची लोंबती कातडी दिसणार, पोटरीवरच्या फुगलेल्या निळ्या शिरा दिसणार, पाठीचा बाक दिसणार. घरात आरशासमोरही जे झाकून ठेवले, ते इथे दाखवायचे कसे?

आत आधीच गावातल्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या पाच-सहा बायका होत्या. त्यांच्यात सत्तरी ओलांडलेल्या दोघी होत्या, आणि बाळंतपण होऊन काही महिने झालेली एक तरुण मुलगीही. मला वाटते, आपल्याकडे शहरी स्त्रीला वयस्कर देह पाहण्याची संधीच मिळत नाही. टीव्हीवर, जाहिरातींत, लग्नाच्या फोटोंत दिसतात ते निवडक आणि सजवलेले देह. त्यामुळे साठीच्या बाईला वाटते की पोट सुटले ते एकट्या आपलेच, सुरकुत्या पडल्या त्या आपल्याच गळ्यावर. कुंडात मात्र तिच्या वयाच्या दहा बायका तिच्यासमोर असतात आणि कोणाचेच शरीर कॅलेंडरावरच्यासारखे नसते. एकीच्या मांडीवर भाजल्याचा जुना डाग, दुसरीच्या गुडघ्यावर शस्त्रक्रियेची उभी खूण, तिसरीच्या हातापायांवर कोडाचे पांढरे चट्टे. कोणी कोणाकडे टक लावून पाहत नाही. पाठ चोळून देता का, एवढेच विचारतात.

आमच्यापैकी एक बाई काठावरच बसून राहिल्या होत्या. त्यांच्या संमतीने हे लिहीत आहे. ओळख अर्थातच सांगत नाही. चार वर्षांपूर्वी कर्करोगामुळे त्यांचा डावा स्तन काढावा लागला होता. तेव्हापासून त्या उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्या असलेले पोलके घालत. नवऱ्यासमोर कपडे बदलत नसत, सुनेला पाठीला तेल लावू देत नसत. गावातल्या एका आजींनी त्यांना दोनदा पाहिले आणि सरळ हाक घातली.

“ये गो बाय, काठावर किती येळ बसशील? पाणी बेस हाय.”

“माझं ऑपरेशन झालंय,” बाई पुटपुटल्या.

“मंग? माजं बी झालंय, दोन येळा.” आजींनी परकर जरा खाली सरकवून पोटावरचा लांब व्रण दाखवला. “जिती हायस ना? मंग ये.”

बाई हसल्या, आणि थोड्या वेळाने पायरीवर उतरल्या. मी जवळ जाऊन त्यांना एवढेच सांगितले की डावा हात गरम पाण्यात घालू नका. त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिले. “तुम्हाला कसं कळलं?” मी म्हटले, “बाही दंडाला घट्ट बसली होती.” स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील किंवा तिथे किरणोपचार झाले असतील, तर पुढे कधीही त्या बाजूच्या हातावर सूज येऊ शकते. उष्णतेने ती वाढते. ही सूज लवकर दाखवली, तर त्वचेची निगा, विशिष्ट पट्टी किंवा लवचिक बाही आणि ठरावीक व्यायाम यांनी बरीच आटोक्यात राहते. दुर्लक्ष केले, तर हात जड होत जातो आणि लहानशा जखमेतूनही जंतुसंसर्ग पसरतो. बाईंची सूज आठ महिन्यांची होती. लांब बाहीने व्रण झाकला होता आणि सूजही झाकली होती. दोन दिवसांनी त्या दवाखान्यात आल्या, स्वतःहून बाही वर केली, आणि उपचार सुरू झाले.

लाजेची किंमत

वाचकहो, ‘या वयात कसले रूप आणि कसली लाज’ असे म्हणून आपण हा विषय उडवून लावतो. पण लाज वयाबरोबर जात नाही. ती फक्त गप्प होते. त्या गप्प बसण्याची किंमत काय असते, ते पाहा.

भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे, आणि वाढत्या वयाबरोबर त्याचा धोका वाढतो. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून आणि दाखवायची लाज वाटते म्हणून ती तशीच राहते. याउलट, दाखवल्याने काय होते याचा भक्कम पुरावा आपल्या मुंबईतच मिळाला आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वर्षांच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनतपासणी केली. मोठे यंत्र नाही, एक्स-रे नाही. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर असे दिसले की ५० वर्षांवरील स्त्रियांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीला आपला देह विश्वासाने तपासू दिला, एवढ्या साध्या गोष्टीचे हे फळ आहे.

दुसरे दुखणे ‘अंग बाहेर येणे’ या नावाने आपल्या आज्यांना ठाऊक आहे. बाळंतपणे, जड ओझी, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता आणि वय यांमुळे ओटीपोटाचा तळ सैल पडतो आणि गर्भाशय खाली सरकते. खोकताना, शिंकताना लघवीचे थेंब जाणे हेही याच घराण्यातले. स्त्रिया वर्षानुवर्षे जाड कापड वापरतात, प्रवास टाळतात, देवळात आणि लग्नकार्यात जाणे बंद करतात, पाणी कमी पितात. पण सांगत नाहीत. याला उपाय आहेत. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत, आत बसवण्याची लहान कडी मिळते, आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया आहे.

तिसरी गोष्ट पाठीच्या बाकाची. ‘म्हातारपणी पोक यायचेच’ म्हणून तो पदराखाली झाकला जातो. हाडे ठिसूळ होऊन मणके दबले की उंची घटते. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक घट झाली असेल, तर हाडांची तपासणी करून घ्यावी. आज दबलेला मणका ही उद्या मोडू शकणाऱ्या खुब्याची पूर्वसूचना असते.

आणि स्तनांखाली, जांघेत, पोटाच्या घडीत होणारे ओले, खाजणारे चट्टे! साध्या मलमाने आणि जागा कोरडी ठेवल्याने ते बरे होतात. केवळ ‘तिथे’ आहेत म्हणून ते सहा-सहा महिने अंगावर काढले जातात.

घरातले शब्द

ही लाज बाईच्या मनात आपोआप उगवत नाही. बरीचशी घरातल्या बोलण्यातून येते. ‘आई, किती काळवंडलीस’, ‘काकू, आता बसायला दोन खुर्च्या लागतील’, ‘केस रंगव ना, आजारी दिसतेस’. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, पण ऐकणारीच्या मनात ते घर करते. मग ती फोटोत मागे उभी राहते, नातवंडांबरोबर समुद्रात पाय भिजवत नाही, आणि डॉक्टरांकडे गेली तरी ‘बाकी सगळं ठीक आहे’ म्हणून उठते.

‘छान बारीक झालात हो!’ ही स्तुतीही जपून करावी. साठीनंतर काही न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे ६० किलोच्या बाईचे ३ किलोंहून जास्त, तर ते कौतुकाचे नव्हे, तपासणीचे कारण आहे. मधुमेह, थायरॉइड, क्षयरोग, कर्करोग, नैराश्य किंवा नीट न बसणारी कवळी, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते.

मग काय बोलावे? ‘तू अजून किती सुंदर दिसतेस’ असे खोटे-खोटे म्हणण्याने फारसे साधत नाही. ज्येष्ठांना खुशामत लगेच कळते. त्यापेक्षा देह काय करतो, त्याबद्दल बोला. ‘आई, तुझ्या हातांना अजून भाकरी थापता येते’, ‘आज जिना न थांबता चढलात’, ‘याच खांद्यावर मी झोपत होतो’. देह दिसतो कसा, यावरून लक्ष काढून तो काय करतो आणि त्याने काय सोसले, याकडे नेले की माणूस स्वतःशी मायेने वागू लागते. माया वाटली की निगा राहते. चालायला जाणे, वेळेवर औषध घेणे, नवे दुखणे दाखवणे ही सारी त्या मायेची कामे आहेत.

घरातील पुरुषमंडळींना एक विनंती. पत्नीची किंवा आईची मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर व्रणाकडे पाहून तोंड फिरवू नका आणि मुद्दाम टक लावूनही पाहू नका. ‘दुखतंय का? मलम लावून देऊ का?’ एवढे विचारले तरी पुष्कळ होते. स्तन काढलेल्या स्त्रियांसाठी पोलक्याच्या आत बसवण्याच्या हलक्या, मऊ गाद्या मिळतात. कर्करोग रुग्णालयांत त्यांची माहिती देतात. ती वापरायची की नाही, हे मात्र तिने ठरवावे.

आंघोळ घालणाऱ्यांसाठी

जिला दुसऱ्याच्या हातून आंघोळ करून घ्यावी लागते, तिची लाज सर्वांत मोठी. सूनबाई असोत, लेक असो वा पगारी सेविका, काही गोष्टी पाळाव्यात.

आधी सांगावे, मग हात लावावा. ‘आता पाठ धुते हं, आई.’ पूर्ण विवस्त्र न करता, जो भाग धुवायचा तेवढाच उघडावा आणि उरलेल्यावर टॉवेल किंवा पातळ चादर असू द्यावी. जे त्यांना स्वतः धुता येते ते त्यांनाच धुऊ द्यावे. वेळ लागला तरी चालेल. दार लोटलेले असावे. त्यांच्या देहाविषयी तिसऱ्याशी, त्यांच्या देखत, त्या जणू तिथे नाहीतच असे बोलू नये.

आणि याच वेळी डोळे उघडे ठेवावेत. स्तनात गाठ, त्वचेला खळी, बोंडातून स्राव. पायाला न भरणारी जखम. माकडहाडापाशी लालसर झालेली त्वचा. एका हातावर किंवा एका पायावर सूज. असे काही दिसले तर घाबरवून न सोडता, त्यांना सांगून डॉक्टरांना दाखवावे. ३० वर्षांवरील स्त्रियांची स्तन, गर्भाशयमुख आणि तोंड यांची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते. स्त्री डॉक्टर किंवा परिचारिका हवी असल्यास तसे निःसंकोच सांगावे. तो हट्ट नव्हे, तुमचा हक्क आहे.

कुंडावर जाताना

आता सुरुवातीच्या दोन प्रश्नांची उत्तरे. गरम पाण्याने स्नायू सैल पडतात, सांध्यांचा ताठरपणा काही काळ कमी होतो आणि झोप चांगली लागते. मात्र संधिवात मुळापासून जात नाही. त्वचेचा विकारही केवळ या पाण्याने बरा होईल असे समजून चालू औषध बंद करू नये. अंगावर उघडी जखम किंवा पसरणारा त्वचारोग असेल, तर सर्वांच्या कुंडात उतरू नये.

पाण्याची परीक्षा पायाने नव्हे, कोपराने करावी, आणि मधुमेह्यांनी तर सोबतच्या माणसाला करू द्यावी. मधुमेहात तळपायाची संवेदना कमी झालेली असते आणि पाय भाजला तरी कळत नाही. झऱ्याच्या उगमाशी ७० अंशांच्या पाण्यात क्षणात कातडी सोलवटते. तिथे हात घालून पाहण्याचे धाडस कोणीही करू नये. आपल्या वयाला ३८ ते ४० अंशांचे, म्हणजे सुखद कोमट पाणी पुरे, तेही १० ते १५ मिनिटे. गरम पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना उठताना चक्कर येऊ शकते. म्हणून एकदम उभे राहू नये. आधी पायरीवर बसावे, मग कोणाचा तरी हात धरून उठावे. पायऱ्या शेवाळलेल्या असतात. भरल्या पोटी, तापात, किंवा हृदयविकाराचा त्रास वाढलेला असताना उतरू नये. बाहेर आल्यावर पेलाभर पाणी प्यावे. एकट्याने जाऊ नये.

ज्यांना प्रवास झेपत नाही, त्यांनी हळहळू नये. घरच्या घमेल्यात कोमट पाणी घ्या, समवयस्क शेजारणीला बोलवा, दोघी मिळून पाय बुडवून बसा. लुगडे गुडघ्यापर्यंत वर घ्या. शिरा दिसतील, भेगा दिसतील, वाकडी झालेली बोटे दिसतील. दिसू द्या. एकमेकींना विचारा : कुठे सूज आहे का, कुठे गाठ लागते का, कुठे काही सांगायचे राहून गेले आहे का? आणि काही राहून गेले असेल, तर या पंधरवड्यातच ते तुमच्या डॉक्टरांना सांगा.